निवडला कसा ते कळले, काढायचा कसा?

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात वर्गाचा मॉनिटर निवडायचा, हे ठरलेले काम. पूर्वी शिक्षक एखाद्या उंच, शांत मुलाकडे बोट दाखवीत आणि निवड होऊन जाई. गेली काही वर्षे आम्ही नववीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा धडा म्हणून रीतसर मतदान घेतो. खडूंचा रिकामा खोका ही आमची मतपेटी आणि वहीच्या पानाचे चार तुकडे ही मतपत्रिका. यंदाही मतमोजणी झाली, टाळ्या वाजल्या, निवडून आलेला मुलगा लाजत लाजत पुढे आला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, हा नीट वागला नाही तर याला काढायचा कसा?"

वर्ग हसला. मॉनिटरही हसला. आम्ही "ते पुढे बघू" म्हणालो आणि फळा पुसायला वळलो.

संध्याकाळी एसटीत बसल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडीना. शिक्षक "पुढे बघू" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला उत्तर माहीत नसते. शिवाय आम्हाला आणखी एक गोष्ट टोचत होती. आमच्या गावच्या जमातीच्या शिक्षण समितीचे आम्ही नऊ वर्षे सचिव आहोत. आम्हाला कोणी, केव्हा आणि किती मतांनी निवडले, हे आम्हालाच सांगता येणार नाही. ती कहाणी शेवटी सांगू. आधी मोठ्या घरची गोष्ट पाहू, कारण तो प्रश्न आपल्या देशातल्या जवळजवळ प्रत्येक राजकीय पक्षाला विचारण्यासारखा आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपण मतदान यंत्रापुढे उभे राहतो तेव्हा वाटते की निवड आपण करतो आहोत. खरे तर अर्धी निवड त्याआधीच झालेली असते. निवडणूक आली की वर्तमानपत्रात 'एबी फॉर्म'च्या बातम्या येतात. ए फॉर्म म्हणजे पक्षाच्या वतीने उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला आहे ते सांगणारा कागद आणि बी फॉर्म म्हणजे त्या माणसाच्या सहीने उमेदवाराचे नाव कळवणारा कागद. ती सही मिळाली तर निशाणी मिळते, नाही मिळाली तर वीस वर्षांचा कार्यकर्ताही अपक्ष ठरतो. उमेदवार निवडून आला तरी ती सही त्याची पाठ सोडत नाही. सभागृहात पक्षाचा व्हिप निघाला की त्याप्रमाणे मत द्यावे लागते, नाहीतर सदस्यत्व जाण्याची टांगती तलवार. १९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती होऊन घटनेत दहावे परिशिष्ट आले, तेव्हापासून ही तलवार आहे. आमदार-खासदार पैशाने फुटू नयेत हा हेतू चांगलाच होता. पण त्यामुळे पक्षनेतृत्वाच्या हातात मोठी ताकद आली. उमेदवारी तेच देणार आणि निवडून आल्यावर मत कसे द्यायचे तेही तेच सांगणार. मग या नेत्याला कोणी निवडले आणि त्याला काढण्याचा अधिकार कोणाला, हे विचारायला नको का?

आमच्या ओळखीच्या एक खाला आहेत. मोहल्ल्यात घरोघर मतदार चिठ्ठ्या वाटणे, म्हाताऱ्या बायकांना रिक्षाने मतदान केंद्रावर नेणे, सभेला बायका जमवणे, ही कामे त्या बारा-तेरा वर्षे करताहेत. आम्ही सहज विचारले, "खाला, तुमच्या पक्षाचा तालुकाध्यक्ष निवडताना तुम्ही मत कोणाला दिले?" त्या आमच्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "मत? बेटा, मला तर फक्त झेंडा दिलाय." पक्ष कोणता ते सांगत नाही. बहुतेक सगळ्याच पक्षांतल्या खाला हेच सांगतील.

कायदा याबाबत काय म्हणतो? आपली राज्यघटना तयार झाली तेव्हा तिच्यात राजकीय पक्षांचा कारभार कसा चालावा याबद्दल काही नव्हते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ चा, पण पक्षांच्या नोंदणीचे '२९ अ' हे कलम त्यात आले ते १९८९ साली. त्या कलमानुसार नोंदणी मागणाऱ्या पक्षाने आपल्या घटनेत भारताच्या संविधानाशी आणि समाजवाद, धर्मनिरपेक्षता व लोकशाही या तत्त्वांशी निष्ठा लिहून द्यावी लागते. पक्षाच्या घटनेत अंतर्गत निवडणुका किती मुदतीने होतील हे असावे, असे निवडणूक आयोगही सांगतो. म्हणजे कागदावर सारे आहे. पण ते पाळले नाही तर काय? २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदणी देण्याचा अधिकार आयोगाला आहे, मात्र फसवणुकीने मिळवलेली नोंदणी यासारखे थोडे अपवाद सोडले तर ती काढून घेण्याचा अधिकार कायद्याने त्याला दिलेला नाही. शाळेने गृहपाठ तपासायचा, पण न करणाऱ्याला काही म्हणायचे नाही, असा हा प्रकार झाला. विधी आयोगाने १९९९ च्या आपल्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाहीसाठी वेगळा कायदा करावा अशी शिफारस केली होती. जो पक्ष आत हुकूमशाहीने चालतो तो बाहेर लोकशाही कशी पाळणार, असा त्या अहवालाचा रोख होता. आपल्याकडे म्हणतातच, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? त्यानंतर किती सरकारे आली आणि गेली, तो कायदा काही झाला नाही.

पक्षात निवडणूक होत नव्हती असे नाही. १९३९ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी चुरशीची लढत झाली. सुभाषचंद्र बोस यांना १५८० आणि पट्टाभी सीतारामय्या यांना १३७७ मते पडली. गांधीजींचा पाठिंबा सीतारामय्यांना होता, तरी प्रतिनिधींनी बोस यांना निवडले. पण निवडलेल्या अध्यक्षाशी पटले नाही तर काय करायचे, याची वाट आखलेली नव्हती. त्रिपुरी अधिवेशनात ठराव झाला की कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी. अध्यक्ष एक आणि इच्छा दुसऱ्याची, असा पेच पडला आणि एप्रिल अखेरीस बोस यांनी राजीनामा दिला. मतांनी आलेला अध्यक्ष मतांशिवाय गेला.

जवळजवळ साठ वर्षांनी त्याच पक्षात तसेच घडले. १९९७ साली सीताराम केसरी यांनी शरद पवार आणि राजेश पायलट यांचा पराभव केला. केसरींना ६२२४, पवारांना ८८२ आणि पायलट यांना ३५४ मते मिळाली. पुढच्याच मार्चमध्ये कार्यकारिणीने केसरींना बाजूला केले आणि सोनिया गांधी अध्यक्ष झाल्या. ज्या हजारो प्रतिनिधींनी केसरींना निवडले होते, त्यांचे पुन्हा मतदान झाले नाही. २००० साली सोनिया गांधी यांच्याविरुद्ध जितेंद्र प्रसाद उभे राहिले, त्यांना ९४ मते पडली. पुढची लढत थेट २०२२ ची. मल्लिकार्जुन खर्गे ७८९७ आणि शशी थरूर १०७२. बावीस वर्षांनी का होईना मतपेटी बाहेर निघाली, हे चांगलेच झाले.

इतर पक्षांकडे पाहावे तर भारतीय जनता पक्षात सर्वसंमतीने, बिनविरोध अध्यक्ष ठरवण्याची रीत आहे. नाव आधी ठरते आणि निवडणूक नंतर होते. आंध्रात २०२२ साली एका प्रादेशिक पक्षाने आपल्या नेत्याला तहहयात अध्यक्ष केल्याची बातमी आली, तेव्हा हे लोकशाहीविरोधी आहे असे निवडणूक आयोगाला बजावावे लागले. दुसऱ्यांच्या घरात डोकावताना आपलेही घर पाहावे. मुसलमानांचा आवाज म्हणवणारे पक्ष याला अपवाद आहेत का? हैदराबादच्या मजलिसचे अध्यक्षपद आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्यांकडे आले. केरळात मुस्लिम लीगच्या प्रदेशाध्यक्षपदी कित्येक दशके पाणक्काडच्या एकाच घराण्यातले तंगळ बसत आले आहेत. या मंडळींची लायकी किती, हा आमचा विषय नाही. मुद्दा एवढाच की आपण 'त्यांच्या' घराणेशाहीवर चहाच्या टपरीवर तावातावाने बोलतो आणि 'आपल्यांची' गोष्ट आली की कपबशीकडे बघतो.

आता महाराष्ट्राकडे येऊ, कारण या प्रश्नाचा सगळ्यात कडू घोट आपणच प्यायलो आहोत. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन बाहेर पडले, २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मग भांडण लागले की खरा पक्ष कोणता आणि धनुष्यबाण कोणाचा. प्रकरण निवडणूक आयोगापुढे गेले. अशा वेळी आयोग पक्षाची घटना पाहतो, संघटनेत बहुमत कोणाचे ते पाहतो आणि विधिमंडळात बहुमत कोणाचे तेही पाहतो. १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात आयोगाने म्हटले की पक्षाची २०१८ ची बदललेली घटना आयोगाच्या दप्तरी नाही आणि ती लोकशाहीला धरूनही नाही. अध्यक्षाने पदाधिकारी नेमायचे आणि त्याच पदाधिकाऱ्यांनी अध्यक्ष निवडायचा, अशा रचनेवर आयोगाने बोट ठेवले. त्यामुळे घटनेची कसोटी बाजूला राहिली, संघटनेच्या बहुमताचाही निकाल लागेना, आणि शेवटी ५५ पैकी ४० आमदार कोणाकडे, यावर नाव व निशाणी गेली.

यात नीट पाहा, कोणाला विचारलेच गेले नाही. गावोगावच्या शाखेत सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला विचारले नाही. ज्याने २०१९ साली त्या निशाणीवर मत दिले त्या मतदारालाही विचारले नाही. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की सभागृहात प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाला नसून मूळ राजकीय पक्षाला आहे. निकाल महत्त्वाचा होता. पण मूळ राजकीय पक्ष म्हणजे नेमके कोण, हे ठरवायला सभासदांची खात्रीची यादी हवी, निवडणुकीची नोंद हवी. तीच नसेल तर न्यायालय तरी काय करणार? आठ महिन्यांनी विधानसभा अध्यक्षांपुढे निकाल लागला तेव्हाही वाद पक्षाच्या १९९९ च्या घटनेचा की २०१८ च्या, इथेच घुटमळला.

राष्ट्रवादी काँग्रेसचे तेच. २ मे २०२३ ला शरद पवारांनी अध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले. कार्यकर्ते रडले, समिती बसली, ५ मे रोजी समितीने राजीनामा नाकारला आणि पवारांनी तो मागे घेतला. नवा अध्यक्ष निवडण्याचा क्षण दारापर्यंत येऊन परत गेला. दोन महिन्यांच्या आत, २ जुलैला, अजित पवारांनी सरकारमध्ये शपथ घेतली आणि पक्ष दुभंगला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथेही आमदारांच्या संख्येवर घड्याळाचा निकाल लागला.

कोणाची बाजू खरी, हे सांगण्याची ही जागा नाही. आमच्या वाचकांत दोन्हीकडची माणसे आहेत, एकाच ताटात जेवणारे भाऊही दोन बाजूंना आहेत. सांगायचे ते इतकेच. घराला दार नसेल तर आतला माणूस बाहेर पडताना भिंत फोडतो. ज्या पक्षात नेत्याविरुद्ध मत मांडून, मोजून, हरून किंवा जिंकून पुन्हा त्याच घरात राहण्याची सोय नाही, तिथे नाराज माणसापुढे दोनच वाटा उरतात. गप्प बसायचे किंवा घर फोडायचे. भिंत पडते तेव्हा माती आपल्या अंगावर येते. सरकार पडते, कामे थांबतात आणि आपण दिलेले मत आपल्याला न विचारता दुसरीकडे जाते.

मग नेता काढण्याची वाट कशी असावी? इतर देशांचे अनुभव पाहण्यासारखे आहेत, आणि ते सगळेच कौतुकाचे नाहीत. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाच्या खासदारांची '१९२२ समिती' नावाची संघटना आहे. ठरावीक प्रमाणात खासदारांनी तिच्या अध्यक्षांना पत्रे दिली की नेत्यावर गुप्त मतदान होते. अनेक वर्षे हे प्रमाण पंधरा टक्के होते. १९९० साली, तेव्हाच्या जरा वेगळ्या नियमांनुसार, मार्गारेट थॅचर यांच्यासारख्या तीन निवडणुका जिंकलेल्या पंतप्रधानांना आव्हान मिळाले. त्यांना २०४ मते पडली, आव्हान देणाऱ्याला १५२. बहुमत होते, पण नियमाने हवी तेवढी आघाडी चार मतांनी हुकली आणि त्यांनी पद सोडले. पक्ष फुटला नाही, रस्त्यावर दगड पडले नाहीत आणि चिन्हासाठी कोर्टकचेरीही झाली नाही.

पण त्याच पक्षात २०२२ साली दुसरा पेच दिसला. खासदारांची पहिली पसंती ऋषी सुनक यांना होती, तर पक्षाच्या सभासदांनी ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ मतांनी लिझ ट्रस यांना निवडले. सात आठवडेही झाले नाहीत तोच खासदारांचा विश्वास उडाला आणि ट्रस गेल्या. मजूर पक्षात २०१६ साली याच्या उलट घडले. जेरेमी कॉर्बिन यांच्यावर खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखवला, पण सभासदांनी त्यांना पुन्हा ६१.८ टक्के मतांनी निवडून दिले. म्हणजे निवडणारे हात वेगळे आणि काढू पाहणारे हात वेगळे असले की ओढाताण होते. दोरी दोघांनी दोन टोकांना धरली तर गाठ सुटत नाही, आवळते.

ऑस्ट्रेलियात काढणे फार सोपे होते. २०१० साली मजूर पक्षाच्या खासदारांनी एका रात्रीत केविन रड यांना हटवून जुलिया गिलार्ड यांना पंतप्रधान केले आणि २०१३ साली त्याच खासदारांनी गिलार्ड यांना हटवून रड यांना परत आणले. लोक वैतागले. मग पक्षाने नियम बदलला. पदावरच्या पंतप्रधानाविरुद्ध मतदान मागायचे तर पंचाहत्तर टक्के खासदारांच्या सह्या हव्यात, आणि नेता निवडताना सामान्य सभासदांचीही मते मोजायची. दार नसणे वाईट, तसे दार दिवसरात्र सताड उघडे असणेही वाईट.

जर्मनीने तर हिटलरच्या पक्षाचा अनुभव घेऊन हा विषय थेट घटनेतच घातला. १९४९ च्या त्यांच्या घटनेचे २१ वे कलम सांगते की पक्षाची आतली रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे. १९६७ च्या पक्ष कायद्यानुसार पक्षाच्या कार्यकारिणीची निवड निदान दर दुसऱ्या वर्षी करावी लागते आणि उमेदवार गुप्त मतदानाने ठरवावे लागतात. सभासदाला काढायचे तर नेत्याच्या एका पत्राने काढता येत नाही. ते काम पक्षाच्या लवाद मंडळाचे, आणि त्या मंडळावर कार्यकारिणीचा माणूस बसू शकत नाही.

इतक्या लांब कशाला जायचे? आपल्या राज्यात थेट निवडून आलेल्या सरपंचावर ग्रामपंचायत सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला तरी तेवढ्याने तो जात नाही, ग्रामसभेची मान्यता लागते. ज्यांनी निवडले त्यांनीच काढायचे, हा साधा न्याय. गावच्या दूध सोसायटीची किंवा पतसंस्थेची निवडणूक सहकारी निवडणूक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली होते. म्हणजे दोनशे लिटर दूध गोळा करणाऱ्या संस्थेला बाहेरचा निवडणूक अधिकारी आणि मतदार यादी लागते, आणि जो पक्ष राज्याला मुख्यमंत्री देतो त्याला यातले काहीच लागत नाही!

आम्ही शिक्षक. कायदा लिहिणे आमचे काम नाही. पण मुलांना प्रश्नाचे उत्तर मुद्देसूद लिहा म्हणून सांगतो, तेव्हा आम्हीही लिहून पाहतो.

पहिला मुद्दा सभासदांच्या नोंदवहीचा. प्रत्येक पक्षाने तालुकावार सभासदांची संख्या जाहीर करावी आणि सभासदाला पावती द्यावी. मतदानाचा हक्क निदान वर्षभर जुन्या सभासदालाच असावा, नाहीतर निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात कोणीतरी पैसेवाला गाड्या भरून सभासद आणील.

दुसरा मुद्दा मुदतीचा. अध्यक्षपदाला ठरावीक मुदत असावी आणि मुदत संपली की निवडणूक व्हावी. मुदतवाढ द्यायचीच तर ती कोणी आणि किती दिवसांची द्यायची, हेही लिहिलेले असावे.

तिसरा मुद्दा गुप्त मतदानाचा आणि बाहेरच्या निवडणूक अधिकाऱ्याचा. हात वर करून होणारे मतदान हे मतदान नसते, ती हजेरी असते.

चौथा मुद्दा त्या मुलीच्या प्रश्नाचा. सभासदांच्या किंवा प्रतिनिधींच्या ठरावीक हिश्श्याने लेखी मागणी केली की ठरावीक दिवसांत नेत्यावर मतदान झालेच पाहिजे. ज्या हातांनी निवडले त्याच हातांनी हे मतदान करावे. नेता टिकला तर पुढचे वर्षभर पुन्हा ठराव नको. आणि विरुद्ध मत दिले म्हणून कोणाचे तिकीट किंवा सभासदत्व जाऊ नये.

पाचवा मुद्दा शिक्षेचा, आणि येथे सांभाळून पाऊल टाकायला हवे. शेजारी पाकिस्तानात कायद्याने पक्षांतर्गत निवडणूक सक्तीची आहे. ती नीट झाली नाही म्हणून जानेवारी २०२४ मध्ये, मतदानाला महिनाही उरला नसताना, इम्रान खान यांच्या पक्षाची बॅट ही निशाणी गेली आणि त्यांच्या उमेदवारांना वेगवेगळ्या चिन्हांवर अपक्ष म्हणून लढावे लागले. नियम चांगला, पण शिक्षा कोणाला झाली? निशाणी शोधत फिरणाऱ्या अडाणी मतदाराला. असा कायदा सत्तेवरच्या माणसाच्या हातातली छडीही होऊ शकतो. म्हणून चूक पक्षाच्या पदाधिकाऱ्यांची असेल तर फटका त्यांनाच बसावा. राजकीय पक्षांना प्राप्तिकरात सवलत मिळते. निवडणूक घेतली नाही तर ती सवलत थांबवावी. मतदाराच्या निशाणीला हात लावू नये.

यावर कोणी म्हणेल, नेत्यावर एकदा विश्वास टाकला की टाकला, रोज हिशेब कसला मागायचा? मशविरा हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. पद ही अमानत आहे, असेही आपण येता-जाता म्हणतो. अमानत असेल तर ती परत मागण्याचा दिवस आणि रीत ठरलेली असायला नको का? नाहीतर तिला अमानत म्हणायचे की इनाम?

आता आमची कहाणी. त्या एसटीच्या प्रवासानंतर आम्ही शिक्षण समितीची जुनी वही काढली. नऊ वर्षांपूर्वीच्या सभेच्या नोंदीत एकच ओळ होती, 'सचिवपदी मास्तरांची सर्वानुमते निवड झाली.' मुदत लिहिलेली नाही. काढण्याचा नियम नाही. आम्ही पैसे खाल्ले नाहीत, काम केले, दरवर्षी मुलांना वह्या आणि शिष्यवृत्त्या पोहोचवल्या. पण उद्या आम्ही बिघडलो तर आम्हाला काढायची वाट आम्हीच कधी ठेवली नव्हती. पक्षांच्या अध्यक्षांवर व्याख्यान देणारे आम्ही स्वतः नऊ वर्षांचे बिनविरोध निघालो.

पुढच्या सभेत आम्ही दोन नियम लिहून नेले. सचिवाची मुदत तीन वर्षे, आणि एक पंचमांश सभासदांनी मागणी केली तर महिन्याच्या आत चिठ्ठ्यांनी मतदान. सभा गप्प झाली. एक बुजुर्ग चाचा म्हणाले, "मास्तर, तुमच्यावर आमचा भरवसा आहे. मग हा कागद कशाला?" आम्ही म्हणालो, "चाचा, भरवसा आहे तोवरच लिहून घ्या. तो उडाल्यावर कोणी लिहू देत नाही." तरीही दुसरा नियम काही मंडळींच्या गळी उतरला नाही. त्यात त्यांना कुणाचा तरी अपमान दिसत होता. पहिला मंजूर झाला, दुसरा पुढच्या सभेपर्यंत राहिला.

घरी येऊन आम्ही हे सगळे मोठ्या उत्साहाने बेगमला सांगितले. त्यांनी भाकरी तव्यावरून उतरवता उतरवता विचारले, "आणि या सभेत बायका किती होत्या?" एकही नव्हती. ज्या मुलांच्या शिक्षणाची समिती, त्यांच्या आयांचे नाव सभासदांच्या यादीत नाही, हे नऊ वर्षांत आमच्या ध्यानात आले नव्हते. नोंदवहीचा पहिला मुद्दा आम्ही पक्षांसाठी लिहून ठेवला होता, तो आमच्याच घरातून परत आला. पुढच्या सभेपुढे आता दोन विषय आहेत.

वर्गात मात्र काम झाले. चाळीस मुलांनी बसून नियम केला. दहा जणांनी सही केली तर आठ दिवसांत मतदान, मॉनिटर टिकला तर दोन महिने पुन्हा विषय काढायचा नाही. कागद भिंतीवर लावण्याआधी सगळ्यांनी खाली सह्या केल्या. पहिली सही मॉनिटरने केली, आणि गेल्या पंधरा दिवसांत तो वेळेवर येऊ लागला आहे.